तो मान वळवून का बघतो?

पत्राचा आशय : तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिले आहे. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. त्याचे केस आणि पापण्या जन्मापासून पिवळसर पांढऱ्या, कातडी गुलाबी गोरी. डॉक्टरांनी अल्बिनिझमचे, म्हणजे जन्मजात रंगहीनतेचे, निदान केले आहे. बुबुळे सतत हलतात, उन्हात डोळे मिटतात, डावा डोळा नाकाकडे झुकलेला आहे आणि टीव्ही बघताना तो तोंड डावीकडे फिरवून तिरका बघतो. चष्मा लावूनही नजर ६/३६ आहे. जूनमध्ये तो पहिलीत जाणार असल्याने त्याआधी तिरळेपणाचे ऑपरेशन उरकून घ्यावे, म्हणजे नजर सुधारेल आणि मानही सरळ होईल, असे घरच्यांचे म्हणणे असून त्यासाठी पैसेही बाजूला काढले आहेत. दिरांनी मोबाइलवर वाचले, की अशा मुलांच्या डोळ्यांच्या नसा मेंदूला उलट्या जोडलेल्या असतात. तेव्हापासून त्याला जग उलटे दिसते की काय, ही धास्ती आईला लागली आहे. सासूबाईंच्या मते गरोदरपणी ग्रहण बघितल्याचा हा परिणाम आहे. पती नात्याने आतेभाऊ आहेत आणि दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे. ऑपरेशन करावे का, मुलाला अंधशाळेत घालावे का, आणि मान सरळ ठेवावी म्हणून त्याला रोज रागावते ते योग्य आहे का, असे त्या विचारतात.

उत्तर : ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता विचारलेला प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरे त्याच्याच आधाराने देता येतात. मान सरळ ठेवावी म्हणून त्याला रागावणे आजपासून थांबवा. बुबुळांच्या या थरथरीला निस्टॅगमस म्हणतात. ती बहुधा बाळ दोन-तीन महिन्यांचे असताना सुरू होते आणि वयाबरोबर थोडी शांत होते. पुष्कळ मुलांत नजरेची एक दिशा अशी असते, की डोळे त्या बाजूला नेले म्हणजे थरथर सर्वांत कमी होते. तुमच्या वर्णनावरून मुलाची ती दिशा उजवीकडची दिसते. म्हणून तो तोंड डावीकडे फिरवतो, डोळे उजव्या कोपऱ्यात नेतो आणि त्याला चित्र जरा स्वच्छ मिळते. ही युक्ती त्याने कोणी न शिकवता शोधून काढली आहे, आणि तुम्ही हनुवटी धरून मान सरळ करता तेव्हा त्याच्यासमोरचे चित्र पुसट होते.

आता घरातल्या सर्वांनी जे गृहीत धरले आहे, त्याकडे वळते. दोष डोळ्यात आहे, तेव्हा डोळा सरळ केला की काम झाले, असा तो हिशेब आहे. तो निम्माच बरोबर आहे. डोळ्यात दोष आहेतच. बुबुळाच्या रंगीत पडद्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य नसल्याने किंवा फार कमी असल्याने त्यातून प्रकाश आरपार आत शिरतो, म्हणून उन्हात डोळे मिटतात. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधोमध बारीक दिसण्यासाठी जो इवलासा खळगा असतो, तो या मुलांत नीट घडलेला नसतो, आणि चष्म्यानेही नजर ६/३६ च्या पुढे जात नाही याचे मुख्य कारण हा अपुरा खळगा आहे. मात्र डोळ्याच्या मागे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेतही एक फरक असतो. तुमच्या दिरांनी वाचले ते त्याविषयीच आहे. मात्र ‘उलट्या’ हा शब्द तेथे चुकीचा आहे.

ही वाट समजून घ्यायला स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर पुरेल. त्याच्या बरोबर मध्यावर नजर रोखून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. कॅलेंडरचा डावा भाग दोन्ही वेळा दिसतो, उजवाही दोन्ही वेळा दिसतो. म्हणजे प्रत्येक डोळा दोन्ही बाजू बघतो. मेंदूची मांडणी मात्र वेगळी आहे. जगाची डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्धात पोहोचते आणि उजवी बाजू डाव्या अर्धात, मग ती कोणत्याही डोळ्याने बघितलेली असो. हे साधण्यासाठी प्रत्येक डोळ्याच्या नसेतील सुमारे दहा-बारा लाख तंतूंची वाटणी करावी लागते. दोन्ही नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना फुलीसारख्या भेटतात. दृष्टिपटलाच्या नाकाकडच्या भागातून निघालेले तंतू तेथे पलीकडे जातात आणि कानशिलाकडच्या भागातले आपल्याच बाजूला राहतात. रेल्वेच्या सांध्यावर गाड्या वेगवेगळ्या रुळांवर जातात, तसेच हे आहे. माणसात निम्म्याहून थोडे जास्त तंतू पलीकडे जातात. अशा वाटणीमुळे एकाच ठिकाणाची दोन डोळ्यांनी टिपलेली चित्रे मेंदूत शेजारी शेजारी येतात, आणि त्यांच्यातील बारीक फरकावरून आपल्याला खोली कळते. सुईत दोरा ओवताना आपण त्याच हिशेबावर विसंबतो.

अल्बिनिझममध्ये कानशिलाकडचे जे तंतू आपल्या बाजूला थांबायला हवे होते, त्यांतील बरेचसे फुलीवर पलीकडे निघून जातात. कोणाचे किती जातात हे व्यक्तीगणिक बदलते. परिणाम असा, की मेंदूच्या प्रत्येक अर्धात मुख्यतः विरुद्ध बाजूच्या एकाच डोळ्याचा माल पोहोचतो आणि दोन चित्रांची तुलना करण्याची सोय कमी होते.

ही गोष्ट आधी माणसांत सापडली नाही, ती जनावरांत सापडली. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हा प्राणीगृहात लाल डोळ्यांचे पांढरे उंदीर असत. त्यांतले काही पिंजऱ्याच्या जाळीशी बसून डोके डावी-उजवीकडे झुलवत राहत, आणि आम्ही त्याला खोड समजत असू. दूरचे अंतर जोखण्याची ती एक रीत असते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. अशाच पांढऱ्या उंदरांत आपल्या बाजूला राहणारे तंतू रंगीत उंदरांपेक्षा कमी असतात, हे १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत रे ग्विलरी या मेंदूशास्त्रज्ञांनी सयामी मांजरांच्या मेंदूत हाच प्रकार दाखवला. सयामी मांजर म्हणजे दुधी अंगाचे, काळसर कान-तोंड-पंजे आणि निळे डोळे असलेले मांजर; त्यांतली कित्येक तुमच्या मुलासारखी तिरळी असतात. हे मांजरही एका प्रकारचे अल्बिनोच आहे. मेलॅनिन बनवणारे त्याचे टायरोसिनेज नावाचे विकर उबेत नीट चालत नाही, म्हणून आईच्या पोटातल्या उबेतून पिल्ले जवळजवळ पांढरी जन्मतात आणि नंतर अंगाचे थंड भाग, म्हणजे कान, शेपटी, पंजे, तेवढे काळे पडतात.

१९७३ मध्ये पांढऱ्या वाघाच्या मेंदूतही हीच चुकलेली वाटणी आढळली. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापासून पांढऱ्या वाघांची बंदिवासातील पैदास सुरू झाली, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्यातही तिरळेपणा वरचेवर दिसतो. या वाघांच्या अंगावर पट्टे असतात, म्हणजे रंग पूर्ण गेलेला नसतो, तरीही वाट बदलते. त्यांच्या ज्या जनुकात बदल आहे, त्याच जनुकातील बदलांमुळे माणसांत अल्बिनिझमचा चौथा प्रकार होतो. १९७५ मध्ये अल्बिनिझम असलेल्या एका व्यक्तीचा मेंदू मृत्यूनंतर तपासण्यात आला आणि मांजर-वाघांत दिसलेलाच फरक तेथेही दिसला. ससा, फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी), माकड यांतही तो आहे. उंदराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक तंतू एरवीही पलीकडेच जातात, तेव्हा उरलेल्यांतले आणखी काही गेले तर त्याचे फारसे बिघडत नाही. मांजर, वाघ आणि माणूस यांचे डोळे समोर असतात, दोन्ही डोळ्यांचे मिळून बघण्यावर त्यांची भिस्त मोठी असते, म्हणून हा फरक त्यांना जास्त जाणवतो.

कातडी-केसांच्या रंगाचा आणि मेंदूच्या तारांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. केसांचा खरोखरच काही संबंध नाही. संबंध आहे तो दृष्टिपटलाला चिकटून असलेल्या रंगद्रव्याच्या एका पातळ थराशी. गर्भात डोळा घडत असताना शेजारचे दृष्टिपटल कोणत्या वेळी कोणत्या पेशी तयार करणार, यावर या थराचा प्रभाव असतो. मेलॅनिन बनण्याच्या वाटेवर डोपा नावाचा पदार्थ तयार होतो आणि पेशींचे वेळापत्रक सांभाळण्यात त्याचा हात असतो, असे प्राण्यांवरील अभ्यास सांगतात. वेळापत्रक चुकले की ‘आपल्याच बाजूला राहा’ अशी खूण असलेल्या पेशी कमी तयार होतात. हे सगळे बाळ पोटात असतानाच घडून जाते. म्हणून मोठेपणी रंग वाढवणारी गोळी, लेप किंवा डोळ्यांत घालायचे थेंब देऊन ही वाट बदलता येत नाही. डोपाचेच औषध अल्बिनिझम असलेल्या प्रौढांना देऊन बघितले गेले आहे आणि त्याने नजर सुधारली नाही. कोणी असे औषध विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

मग त्याला जग उलटे दिसते का? दिसत नाही. एमआरआयच्या अभ्यासांत असे आढळले आहे, की या व्यक्तींच्या मेंदूच्या एकाच अर्धात जगाच्या दोन्ही बाजूंचे नकाशे एकमेकांवर पडलेले असतात, आणि तरीही त्यांची डाव्या-उजव्याची गल्लत होत नाही. मेंदू आलेल्या मालाची नीट लावालाव करून घेतो. सयामी मांजरांत तर त्याच्या दोन तऱ्हा दिसल्या आहेत : काहींचा मेंदू जास्तीचा माल नव्या जागी बसवतो, काहींचा तो दाबून टाकतो. तुमचा मुलगा ताटातल्या डाव्या बाजूच्या लोणच्याकडे हात बरोबर नेतो ना? मग या धास्तीला जागा नाही. त्याला रंगही नीट दिसतात, आणि ही स्थिती वयाबरोबर बिघडत जाणारी नाही. बुबुळे हलतात म्हणून त्याला घर हलताना दिसते, असेही नाही.

आता ऑपरेशन. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळा फिरवणाऱ्या स्नायूंची जागा किंवा ताण बदलतात. त्याने डोळा सरळ दिसू लागतो. खळगा घडत नाही आणि तंतूंची वाटणीही बदलत नाही, म्हणून नजर ६/३६ वरून ६/१२ होईल या आशेने ते करू नये, आणि खोली कळू लागेल याची हमीही कोणी देऊ नये. मान फार वळत असेल आणि दुखू लागली असेल, तर थरथर शांत होण्याची जागा समोर आणणारी वेगळी शस्त्रक्रिया असते. तिचा विचार मुलगा थोडा मोठा झाल्यावर, मान किती अंशांनी वळते ते मोजून करता येतो. डोळे सरळ दिसावेत, शाळेत कोणी चिडवू नये, हेही शस्त्रक्रियेचे खरे कारण असू शकते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण मग ते कारण तसेच बोलून दाखवा, म्हणजे पट्टी सुटल्यावर घरात निराशा होणार नाही. ते जूनच्या आत व्हायला हवे, असे तर मुळीच नाही.

घाई करायची असेल, तर दुसऱ्या एका गोष्टीची करा. तिरळा डोळा मेंदूने वापरणे सोडून दिल्यामुळे आळशी तर पडत नाही ना, हे मुलांच्या नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्या. तसे असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा उपाय लहान वयातच नीट लागू पडतो. चष्म्याचा नंबर दर वर्षी पुन्हा काढून घ्या, कारण या मुलांत नंबर, विशेषतः आडवा नंबर, बरेचदा मोठा असतो आणि चष्म्याने पडणारा थोडा फरकही त्याला वर्गात उपयोगी पडतो. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा, की त्याला लगेच काळे-निळे डाग पडतात का, नाकातून रक्त येते का, दात पडताना रक्त लवकर थांबले का. अल्बिनिझमच्या एका दुर्मीळ प्रकारात रक्त थांबण्यात अडचण असते. वारंवार मोठे जंतुसंसर्ग होत असतील तर तेही सांगा.

डोक्याला तारा लावून प्रत्येक डोळ्याचा संदेश मेंदूच्या कोणत्या अर्धात जास्त उमटतो, हे बघणारी एक तपासणी असते. तुमच्या मुलाचे निदान उघड आहे, तेव्हा तिच्यासाठी खास मुंबई-पुण्याची खेप घालू नका. ही तपासणी उपयोगी पडते ती दुसऱ्या मुलांना, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहून ठेवते. मुलाचे केस काळे, कातडी घरच्यांसारखी, पण बुबुळे हलतात आणि नजर कमी आहे, असे असेल तर फक्त डोळ्यांचा अल्बिनिझम असू शकतो. तो बहुधा मुलग्यांत दिसतो आणि आईच्या बाजूने येतो. तेथे हीच फुलीवरची वाटणी निदानाची खूण ठरते, आणि डोक्याच्या एमआरआयच्या फेऱ्या वाचू शकतात.

सासूबाईंच्या ग्रहणाबद्दल. ग्रहण बघितल्याने जनुक बदलत नाही. तुमच्या मुलाचा जो प्रकार आहे, त्यात बदललेले जनुक आई आणि वडील दोघांकडून यावे लागते, आणि तुम्हा दोघांत त्याची एकेक चांगली प्रतही असल्याने तुमच्यात काहीच दिसत नाही. तुमचे पती तुमचे आतेभाऊ, म्हणजे तुमचे आणि त्यांचे आजी-आजोबा एकच. त्यांच्यापैकी एकाकडे ही प्रत असली तर ती दोन्ही घरांत उतरणे सोपे होते. यात तुमचा किंवा तुमच्या पतींचा दोष काढण्यासारखे काही नाही; सासूबाईंना सांगताना ‘दोन्ही घरांकडून आले’ एवढे म्हटले तरी पुरे. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला अल्बिनिझम असण्याची शक्यता चारात एक राहते. पहिल्या मुलाला झाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब येथे नसतो. दुसऱ्या मुलाचा निर्णय घेण्याआधी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना दोघांनी मिळून भेटा आणि मुलाची जनुक-तपासणी आधी करून घ्या. ती झालेली नसेल, तर गरोदरपणात करता येण्याजोग्या तपासणीला आधार राहत नाही.

अंधशाळेची त्याला गरज दिसत नाही. ६/३६ म्हणजे इतरांना ३६ मीटरवरून दिसते ते त्याला ६ मीटरवरून दिसते. जवळचे तो वाचू शकेल. पुस्तक ३० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणले की अक्षर डोळ्याला तिप्पट मोठे पडते. तो पुस्तक नाकाशी नेतो ते यासाठीच, आणि त्याने डोळे बिघडत नाहीत. उतरता वाचन-डेस्क दिला तर पाठ वाकणार नाही. जाड, गडद रेघांची वही, काळे जेल पेन आणि अल्पदृष्टी केंद्रातून मिळणारे भिंग व छोटी दुर्बीण यांवर त्या बाजूला काढलेल्या पैशांतला थोडा भाग खर्च करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी धरली आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, यांसाठी अर्ज आताच करा, कारण प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक आले तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटून मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तके आणि परीक्षेत जादा वेळ यांबद्दल विचारा.

उन्हाचे थोडक्यात : काठाची टोपी, पूर्ण बाह्या, रंगीत काचांचा चष्मा आणि ३० किंवा अधिक एसपीएफचे मलम रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. कवायत सावलीत करू द्यावी, असे शाळेला लेखी कळवा. खोलीचा अंदाज कच्चा असल्याने अनोळखी जिना उतरताना तो थबकेल; घरातल्या पायऱ्यांच्या कडांना पिवळ्या रंगाचा पट्टा मारा. त्याला चेंडू झेलता आला नाही, तर तो वेंधळा आहे असे कोणी म्हणू नये, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

आणि शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा त्याला रिकाम्या वर्गात घेऊन जा. खिडकी त्याच्या पाठीशी येईल असे बघा, फळ्यावर चार मोठी अक्षरे लिहा आणि पहिल्या रांगेतल्या प्रत्येक बाकावर त्याला थोडा थोडा वेळ बसवा. तोंड डावीकडे वळवणाऱ्या मुलाला वर्गाच्या डाव्या बाजूचा बाक बहुधा सोयीचा पडतो, कारण तेथून फळा त्याच्या उजवीकडे येतो आणि मान न वळवता डोळे आपोआप त्यांच्या शांत जागी जातात. ज्या बाकावर त्याची मान सर्वांत कमी वळेल, तो बाक वर्षभरासाठी शिक्षकांकडून मागून घ्या.